बाईची जीभ आणि केसपेपरवरचं ‘टेन्शन’

‘टेन्शन’ या शब्दाइतकं स्वस्त निदान आपल्याकडे दुसरं नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागत नाही, फोटो काढावा लागत नाही, पेशंटचं बोलणं पुरतं ऐकूनही घ्यावं लागत नाही. पेशंट बाई असली म्हणजे झालं. डोकं दुखतंय? टेन्शन. छातीत धडधडतंय? टेन्शन. पाळी पुढे गेली? टेन्शन घेऊ नका. आणि बोलायला तोंड उघडलं की जीभच ऐकेनाशी झाली, आपोआप दातांबाहेर आली, टाळ्याकडे वळून तिथेच अडकली, तर मग विचारायलाच नको! केसपेपरवर एक शब्द पडतो, झोपेच्या गोळ्या हातात पडतात, आणि सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा भावाला बाजूला घेऊन सांगितलं जातं, ‘काही नाही, मनाचंच आहे. जरा सांभाळून घ्या.’

हे जे जिभेचं होतं, त्याला नाव आहे. त्याला ‘लिंग्वल डिस्टोनिया’ म्हणतात. डिस्टोनिया म्हणजे आपल्या इच्छेविरुद्ध स्नायू आखडणं, पिळवटणं, आणि त्यामुळे अवयव वाकडा होणं. जर्मनीतले डॉक्टर हेरमान ओपनहाइम यांनी १९११ साली हा शब्द वापरात आणला. दोष स्नायूत नसतो. मेंदूच्या आत खोलवर हालचालींचं नियमन करणारी ‘बेसल गँग्लिया’ नावाची केंद्रं आहेत, त्यांच्या आणि मेंदूच्या इतर भागांच्या देवाणघेवाणीत तो असतो. कुणाची मान एका बाजूला वळते, कुणाच्या पापण्या मिटतात त्या उघडत नाहीत, कुणाचा आवाज गळ्यातच आवळला जातो. जिभेचा डिस्टोनिया त्या मानाने दुर्मीळ. त्यातही फक्त बोलतानाच होणारा आणखी दुर्मीळ.

‘फक्त बोलताना’ हे शब्द नीट ध्यानात घ्या, कारण सगळा घात तिथेच होतो. ही बाई जेवते नीट. पाणी पिते, चूळ भरते, डॉक्टरांनी ‘जीभ दाखवा’ म्हटलं की दाखवते आणि आत घेते. काहीजणींना गाणंही जमतं. बोलायला लागली की मात्र जीभ हट्टाला पेटते. काहीजणींची जीभ ठराविक उच्चारांनाच अडते. जिभेचं टोक उचलावं लागतं अशी किती अक्षरं आपल्या मराठीत आहेत बघा! त, द, न, ल, र, ट, ड, ण, आणि आपला तो ळ. प-ब-म ओठांवर भागतात. म्हणजे ‘मामा’ सरळ निघेल आणि ‘दळण’ अडेल. मग घरची माणसं म्हणणारच, ‘जेवताना बरी चालते गं जीभ!’

वैद्यकशास्त्राचं म्हणणं अगदी उलटं आहे. एकच ठराविक काम करताना उद्भवणं आणि तोच अवयव दुसऱ्या कामात नीट चालणं ही या आजाराची खूण आहे, सोंगाची नव्हे. लेखनिकाचा हात पेन धरला की वळतो आणि स्क्रू पिळताना सरळ राहतो, तो याच जातीचा आजार. त्यालाही पूर्वी ‘न्यूरोसिस’ म्हणायचे. लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ डेव्हिड मार्सडेन यांनी १९७६ साली पापण्या, तोंड आणि जबड्याच्या अशा आचक्यांविषयी मांडलं की हा शरीराचाच आजार आहे. १९८२ साली त्यांनी शीही या सहकाऱ्याबरोबर लेखनिकांच्या हाताविषयीही तेच मांडलं. म्हणजे ही विद्या चाळीस वर्षांहून जुनी आहे. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत यायला तिला अजून वेळ मिळालेला नाही.

आमच्या केंद्रात आलेल्या एका प्राथमिक शिक्षिकेची हकीगत इथे सांगायला हवी. नाव-गाव मुद्दाम देत नाही. चौथीच्या वर्गाला पाढे म्हणून दाखवताना तिची जीभ दातांबाहेर यायला लागली. मुलं हसली. पालकांची तक्रार आली, ‘बाई मुलांना जीभ काढून वेडावतात.’ तिने एक उपाय स्वतःच शोधला होता. गालात लवंग धरली की बरंचसं नीट बोलता यायचं. मुख्याध्यापकांनी ते पाहिलं आणि शेरा मारला, ‘लवंग असली की बोलता येतं, म्हणजे येतं की! नाटकं कशाला?’ सासूने देवऋष्याकडे नेलं. तिथे ठरलं की देवी जीभ बाहेर काढते आहे. डॉक्टरांकडे नेलं, तिथे ठरलं की टेन्शन. दोघांनीही तिला एकच गोष्ट विचारली नाही, ती म्हणजे ‘हे नेमकं केव्हा होतं?’

त्या लवंगेबद्दल मुख्याध्यापकांना जे नाटक वाटलं, त्याला शास्त्रात ‘सेन्सरी ट्रिक’ म्हणतात. मान वळणारा माणूस हनुवटीला नुसतं बोट लावतो आणि मान सरळ होते. तोंडाच्या डिस्टोनियात च्युइंगम, दातात धरलेली काडी, गालात ठेवलेला खडा असाच उपयोगी पडतो. असं का होतं याचा अभ्यास चालू आहे, पण असं होतं हे डॉक्टरांना शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे, आणि निदान करताना तो डिस्टोनियाच्या बाजूचा पुरावा धरतात. म्हणजे त्या बाईच्या गालातली लवंग तिच्या बाजूने साक्ष देत होती, आणि तीच तिच्याविरुद्ध वापरली गेली!

पुरुषाच्या बाबतीत असं होत नाही का? होतं. लेखनिकांना ‘न्यूरोसिस’वाले म्हटलं गेलं ते बहुतेक पुरुषच होते. पण फरक आहे. अमेरिकेतले पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६०च्या दशकात असाच गेला. बोटं तळहातात वळायला लागली. त्यांची वणवण कमी झाली नाही, वर्षानुवर्षं निदान मिळालं नाही. पण जग त्यांच्याकडे एक मोठा कलावंत हात गमावून बसला म्हणून बघत होतं. ते डाव्या हाताने वाजवत राहिले, शिकवत राहिले, पुढे उपचार घेऊन दोन्ही हातांनी वाजवू लागले. वादकांचा डिस्टोनिया पुरुषांत जास्त दिसतो. तोंड, जबडा, पापण्या, स्वरयंत्र यांचा बायकांत जास्त दिसतो. पियानोवादकाचं बोट वळलं की शोकांतिका, आणि शाळेतल्या बाईंची जीभ वळली की चेष्टा. बाईची जीभ हा आपल्या समाजात आधीच खटल्यात उभा असलेला अवयव आहे. ‘जिभेला हाड नाही’, ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’, ‘जीभ फार लांब झालीय हिची’ हे ऐकत जी मोठी होते, तिची जीभ खरोखरच ताब्यातून गेली तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

नुसत्या अविश्वासावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण ‘मनाचं’ या शब्दाचे पुढे कागद होतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३(१)(iii) मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. बायको नकोशी झालेल्या नवऱ्याच्या वकिलाला केसपेपरवरचा एक शब्द, मानसोपचाराच्या गोळ्यांच्या दोन चिठ्ठ्या आणि शेजाऱ्यांची ‘जीभ काढते, तोंड वेडंवाकडं करते’ ही साक्ष एवढं भांडवल सुरुवातीला पुष्कळ झालं. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली, राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात, बजावलं आहे की आजाराचं नुसतं नाव चिकटवून भागणार नाही, विकार किती तीव्र आहे हे सिद्ध करावं लागेल. पण हा निकाल ज्या बाईपर्यंत पोहोचत नाही ती तडजोडीच्या कागदावर सही करून, कधी मूलही तिकडे सोडून, माहेरी येते. जीभ अडत असताना कोर्टात उभं राहून स्वतःची बाजू मांडायची तरी कशी?

दुसरा धोका गोळ्यांचा. मनाचा आजार ठरवून हॅलोपेरिडॉलसारखी औषधं दिली जातात, तेव्हा या औषधांमुळेच जिभेच्या आणि जबड्याच्या आपोआप हालचाली सुरू होऊ शकतात हे सांगितलं जात नाही. आधी नसलेला आजार उपचाराने आणायचा आणि मग म्हणायचं, ‘बघा, वाढलंच!’ पण वेड्यांच्या औषधांवरच खापर फोडून चालणार नाही. उलटी थांबवायला दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड आणि ॲसिडिटीच्या कित्येक कॅप्सूलमध्ये मिसळलेलं लेव्होसल्पिराइड ही औषधंही त्याच मार्गाने मेंदूवर काम करतात आणि तेच करू शकतात. मेटोक्लोप्रमाइड बारा आठवड्यांहून जास्त घेऊ नये, धोका बायकांना आणि वयस्कांना जास्त आहे, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००९ साली त्या औषधावर छापायला लावला. आपल्याकडे उपासतापास, उरलंसुरलं शिळं आणि अवेळी जेवण यांनी ज्यांची पोटं बिघडतात त्या बायका मेडिकलच्या काउंटरवर जुनी चिठ्ठी दाखवून याच कॅप्सूल महिनोन्‌महिने नेतात. जीभ-जबडा हलायला लागला, तर आधी पिशवीतली औषधं डॉक्टरांसमोर ओता. अर्थात, चालू असलेलं मानसोपचाराचं औषध मनानेच एकदम बंद करायचं नाही. तेही धोक्याचं असतं.

तिसरा धोका सर्वांत मोठा. तरुण मुलीचं बोलणं बिघडण्यामागे विल्सनचा आजार असू शकतो. त्यात यकृतात आणि मेंदूत तांबं साठतं. सुरुवात कधी बोबडं बोलण्याने होते, कधी चिडचिडीने आणि वागणं बदलण्याने. डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी कडं दिसू शकतं. रक्ताची, लघवीची तपासणी आहे, औषध आहे. वेळेत सापडला तर मुलगी चांगली जगते, नाही सापडला तर मरते. कॉलेजात जाणाऱ्या पोरीला ‘परीक्षेचं टेन्शन’ म्हणून परत पाठवणाऱ्याने हे कधी वाचलेलंच नसतं का?

आता उलट बाजू. काही डॉक्टर म्हणतील, ‘असे सगळेच पेशंट डिस्टोनियाचे नसतात. काहींच्या हालचाली खरोखरच तसल्या रचनेच्या दोषाशिवाय होतात.’ खरं आहे. अशा आजारालाही नाव आहे, त्याला आता ‘फंक्शनल’ विकार म्हणतात. पण तोसुद्धा सोंग नसतो, आणि तोसुद्धा ‘दुसरं काही सापडलं नाही’ म्हणून ठरवायचा नसतो. लक्ष दुसरीकडे वेधलं की हालचाल थांबते का, दुसऱ्या हाताने ठेका धरला की तिचा ताल बदलतो का, अशा ठराविक खुणा तपासून तो ठरवायचा असतो. त्यावर उपचारही आहेत. आमचं भांडण त्या निदानाशी नाही. तपासणी न करता, बाईचं तोंड बघून निदान करण्याशी आहे. आणि मनाचा आजार म्हणजे कलंक असंही आम्ही म्हणत नाही. ‘आम्ही काही वेड्या नाही’ असं ओरडून, ज्यांना खरोखर मनाचा आजार आहे त्या बहिणींना खाली ढकलून, आपल्याला वर चढायचं नाही. त्यांनाही योग्य निदान आणि योग्य औषध हवंच आहे.

आणि आपल्यातल्या काही जणींशीही थोडं बोलायला हवं. अशी बाई शिबिरात आली की कुणीतरी हळहळून म्हणतं, ‘वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला आवाज आहे हा! तिचं शरीर बंड करतंय!’ ऐकायला फार छान वाटतं. हिस्टेरियाच्या इतिहासावर वाचलेली पुस्तकं आठवतात. पण हिस्टेरिया हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयावरून आला. बाईच्या प्रत्येक आजाराचं मूळ तिच्या बाईपणात शोधायचं, हीच तर ती जुनी खोड. डॉक्टर म्हणतो ‘टेन्शन’, आपण म्हणतो ‘बंड’. तपासणी दोघांनीही केलेली नसते. तिची जीभ बंड करत नाहीये. तिला बंड करायचं असेल तर त्यासाठी तिला तिची जीभ हवी आहे!

‘इतका दुर्मीळ आजार, त्यावर अंकाची इतकी पानं कशाला?’ असंही कुणी विचारेल. आजार दुर्मीळ आहे, पण त्याच्यावर शिक्का बसतो तो रस्ता रोजच्या रहदारीचा आहे. शिवाय बोलण्यावर पोट असलेल्या बायका किती आहेत हे मोजा. शिक्षिका, अंगणवाडीताई, आशा, नर्स, बसमधली कंडक्टर, फोनवर बोलणाऱ्या कॉलसेंटरमधल्या मुली, बाजारात भाजी पुकारणारी. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेत उभ्या राहिलेल्या सरपंचबाईची जीभ अडली, तर तिच्यामागे कारभार करायला टपलेल्या पतिराजांना आणखी काय हवं?

उपचार नाहीत म्हणाल, तर आहेत. पूर्ण बरं करणारे नाहीत, पण जगणं सुसह्य करणारे आहेत. ट्रायहेक्सिफेनिडिल, क्लोनाझेपाम, बॅक्लोफेन अशा गोळ्या काहीजणींना लागू पडतात. तोंड कोरडं पडणं, झोप येणं, विसरायला होणं हा त्यांचा त्रास सांगून मग त्या द्यायच्या. बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन आहे. होय, तेच ‘बोटॉक्स’, श्रीमंतांच्या सुरकुत्या घालवणारं म्हणून आपण ज्याला हसतो ते! सुरकुत्यांसाठी अमेरिकेत त्याला २००२ साली मान्यता मिळाली. डोळ्यांच्या तिरळेपणासाठी आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी ती १९८९ सालीच मिळाली होती. जिभेच्या स्नायूत ते जपून द्यावं लागतं, कारण मात्रा चुकली तर गिळायला त्रास होतो. म्हणून त्यात हात बसलेला डॉक्टरच हवा. परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. ज्या औषधावर शहरात सौंदर्याची दुकानं चालतात, ते खेड्यातल्या शिक्षिकेला दर तीन-चार महिन्यांनी परवडावं कसं, हा प्रश्न सरकारला विचारायचा आहे. मैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून आहे, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, बंगळुरूला निम्हान्स आहे. जिल्ह्याच्या रुग्णालयातून तिथपर्यंतची चिठ्ठी कोण लिहिणार, एवढंच अडलंय.

कायदाही हाताशी आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात वाचादोषाला स्वतंत्र जागाच नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार धरले आहेत, आणि त्यात मज्जासंस्थेच्या कारणाने आलेला कायमचा वाचा व भाषादोष आहे. त्याच कायद्याचं कलम २०(४) सांगतं की सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, तर त्या व्यक्तीला काढून टाकता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्या पदाचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. तेव्हा ‘स्वतःहून राजीनामा द्या’ असं गोडीने सांगणाऱ्या साहेबासमोर सही करू नका. प्रमाणपत्राच्या तपासणीला जाताना लवंग, च्युइंगम घरी ठेवा आणि रोज वर्गात कसं बोलता येतं ते मोबाइलवर चित्रित करून न्या. आणि भूत-देवी काढण्याच्या नावाखाली कुणी साखळीने बांधलं, मारलं, चटके दिले, तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पोलीस ठाण्यात त्याचं नाव घेऊन बोला.

मैत्रिणींनो, गावोगावच्या गटांनी आता तीन कामं करावीत. अशी बाई दिसली, तर तिचं जेवतानाचं, बोलतानाचं आणि जमल्यास गातानाचं चित्रण तिच्या संमतीने करून तिला मेंदूविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा. एकटी पाठवू नका, सोबत जा. सध्याची सगळी औषधं पिशवीत घालून न्या. दुसरं, आपल्या बैठकीत ती बोलत असेल तेव्हा तिचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. कितीही वेळ लागो, वाक्य तिचं आहे. तिसरं, जिभेच्याच काय, कोणत्याही तक्रारीसाठी गेलेल्या बाईच्या केसपेपरवर तपासणीशिवाय ‘टेन्शन’ असा शेरा असेल, तर त्याची झेरॉक्स काढा, नाव खोडा आणि अंकाकडे पाठवा. पुढच्या तिमाहीपर्यंत जेवढ्या जमतील तेवढ्यांचा गठ्ठा बांधून तो आपण जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर ठेवणार आहोत. वाचायला त्यांनाही थोडा वेळ लागेल. आपण समोर बसून राहू.